बाझिलचं चीज

चीजच्या चाकाच्या कडेवर एक उभी रेघ होती. सुईच्या जाडीची, वरपासून खालपर्यंत सरळ, कुठेही न कललेली. लेओनीने मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बाजूला ठेवलं आणि रेघेवरून नख फिरवलं. मग चाक फळीवर हळूहळू पूर्ण फिरवून पुन्हा रेघेपाशी आणलं. कडेवर दुसरी कुठलीही खूण नव्हती.

तळघरात वीज येऊन जेमतेम आठवडा झाला होता. शेजारच्या खोऱ्यातल्या धरणाची वीज. त्याआधी इथे मेणबत्तीवर काम चाले आणि मेणबत्तीच्या उजेडात चीजचा माथा दिसे, कड दिसत नसे. दर शनिवारी खाली यायचं, चीजच्या सालीतून गळून फळीवर साचलेली तपकिरी भुकटी झटकायची, चाकाचा माथा पुसायचा, ते उलटं करायचं, दुसरी बाजू पुसायची आणि परत भिंतीला टेकवून ठेवायचं. इतक्या वर्षांत हातांना हे पाठ झालं होतं. वसंतात एकदा तिला चाक किंचित जड वाटलं होतं. पण जुनं चीज वाळून हलकं होतं, जड होत नाही. तेव्हा आपलेच हात थकले असतील, असं म्हणून तिने तो विचार सोडून दिला होता.

चीज ज्या लाकडी कड्यात घालून दाबतात, त्या कड्याचा सांधा चीजच्या अंगावर कायमचा उमटतो. वरच्या कुरणावरचं कडं जुन्या पद्धतीचं, दोन टोकं एकमेकांवर चढवून दोरीने आवळायचं. त्याचा पायरीसारखा तिरका वळ उठतो. खालच्या कुरणावरचं कडं टोकाला टोक भिडवलेलं. त्याची नुसती सरळ रेघ. तिच्या नवऱ्याचं, बाझिलचं चीज वरच्या कुरणावरचं होतं. लेओनीच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी ते स्वतः दाबलं होतं आणि दोरी ओढायला नव्या सुनेला उभं केलं होतं. दोरीने तळहात सोलले होते, ते तिला अजून आठवत होतं.

म्हणजे समोरचं चीज बाझिलचं नव्हतं.

ती दारातल्या दगडावर बसली. फळीवर ठेवण्यासारखी इनमिन दोनच चीजं होती त्यांच्या घरात. एक सासूबाईंचं, मागाहून खालच्या कुरणावर दाबलेलं, खिडकीच्या अंगाला. एक बाझिलचं, भिंतीच्या अंगाला. दोन्हींच्या माथ्यावर घराण्याची एकच खूण डागलेली, त्रिकोणात दोन रेघा. कुणाचं कोणतं ते फळीवरच्या जागेवरूनच ओळखायचं. शालेन गावात प्रत्येक घरी असंच. माणूस जिवंत असेतो त्याच्या चीजला सुरी लागत नाही. तो गेला की त्याला खांद्यावरून दफनभूमीत नेणारे, खड्डा खणणारे, मागे चालणारे असे सगळे त्याच्या घरी येतात, त्याचं चीज करवतीने कापतात आणि काळ्या पावाबरोबर, जुन्या वाईनबरोबर संपवतात. चीज संपलं की माणूस नीट गेला.

फेब्रुवारीत सासूबाई युलाली गेल्या. सासूबाईंचं चीज म्हणून एक चीज कापलं गेलं. नंतर फळी धुताना उरलेलं कुणीतरी बाझिलचं म्हणून भिंतीच्या अंगाला ठेवलं. गाव जेवून गेलं. लेओनीनेही खाल्लं होतं. दोनदा मागून घेतलं होतं आणि दिराच्या कसल्याशा चेष्टेवर तोंडाला पदर लावल्यासारखा रुमाल लावून हसलीही होती.

तिने दिवा मालवला, पुन्हा लावला. रेघ तिथेच होती.

*

दीर सिप्रियन गोठ्यात गाईचा खूर साफ करत होता. लेओनीने दारातूनच विचारलं, "भाऊजी, आईंचं चीज तुम्ही कुठून काढलंत?"

"कुठून म्हणजे? तळघरातून. तुमच्या मते काय, सिएरच्या बाजारातून आणलं?"

"फळीवर कुठून?"

"खिडकीकडून. आईची जागा तीच ना." त्याने खूर खाली सोडला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं, वहिनी? चेहरा ताकासारखा झालाय तुमचा."

तिने सांगितलं. सिप्रियनने ऐकून घेतलं, हात पँटला पुसले आणि तो तिच्यामागून तळघरात आला. त्याची बायको फिलोमेन धुणं टाकून आलीच. तिघांनी आळीपाळीने रेघ पाहिली. फिलोमेनने चष्मा लावून पाहिली, काढून पाहिली.

"ही सरळ आहे," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतेय."

"मग त्या दिवशी आपण बाझिलभावजींचं खाल्लं?" फिलोमेनने एकदम छातीवर क्रूस काढला. "अगं बाई! आणि मी उरलेलं माहेरी बांधून दिलं!"

"तू गप्प बस," सिप्रियन म्हणाला. "मी खिडकीकडचंच काढलं. शपथेवर सांगतो."

"पहाटे उठून घोट मारले होते तुम्ही. शपथा कसल्या खाता?"

"आई मेली होती माझी! घोट नाही मारणार तर काय गाणी म्हणणार?"

"गाणीपण म्हणालात की नंतर."

लेओनी दोघांमध्ये उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, नीट आठवा. तुम्ही दारातून आलात. मेणबत्ती कुठल्या हातात होती?"

सिप्रियन दारापाशी गेला, हात पुढे करून आत आला, फळीपाशी थांबला, परत गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची खात्री ओसरली होती. "खिडकीकडचंच असणार," तो म्हणाला. "मी दुसरं कशाला उचलेन?" आणि थोड्या वेळाने, "आता तुम्ही विचारून विचारून मला काहीच आठवेनासं केलंत."

तेव्हा फिलोमेन म्हणाली, "सासूबाई खाली आल्या होत्या."

"कधी?"

"नाताळच्या आधी. मला म्हणाल्या, चल, माझ्या चीजला भेटून येते. मी हाताला धरून आणलं. मग म्हणाल्या, तू जा वर, दूध उतू जाईल. मी गेले. अर्ध्या तासाने आले तर इथे दगडावर बसलेल्या, हात भुकटीने माखलेले. मी म्हटलं, काय केलंत? तर म्हणाल्या, पुसलं." ती थबकली. "पुसणं तुमचं काम, जाऊबाई. त्यांनी कशाला पुसलं?"

वाळलेलं चीज एका म्हातारीला उचलता आलं नसतं, पण फळीवरून सरकवता आलं असतं. लेओनीने एका बोटाने चाक ढकलून पाहिलं. ते सरकलं.

*

बाझिल नऊ वर्षांपूर्वी जूनमध्ये खिंडीपलीकडे इटलीत एक कालवड बघायला गेला. जाताना म्हणाला, रविवारच्या आत येतो. त्या रात्री धुकं उतरलं आणि खिंडीवर बर्फ पडला. गावकऱ्यांनी दोन आठवडे शोधलं. टोपी नाही, काठी नाही, काही नाही. कालवडीच्या मालकाने निरोप पाठवला की आपल्याकडे कुणी आलंच नाही. आणि मग पुढच्या वर्षी गाईंच्या घंटा विकणारा एक फिरता माणूस गावात आला, तो म्हणाला की खिंडीपलीकडे आओस्ताच्या जत्रेत त्याने अगदी बाझिलच्या चालीचा माणूस पाहिला, डावा पाय जरा बाहेर टाकत चालणारा. हाक मारली का, असं विचारल्यावर म्हणाला, गर्दी होती.

तेव्हापासून लेओनी ना सवाष्ण ना विधवा. तिने काळे कपडे घातले नाहीत आणि रंगीतही घातले नाहीत. गडद निळा रंग धरला. दरवर्षी सर्व संतांच्या सणाला, नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत मेलेल्यांची नावं वाचली जातात. दरवर्षी त्याआधी फादर मेत्राये येऊन विचारत, "लेओनी, बाझिलचं नाव घेऊ का?" आणि दरवर्षी ती म्हणे, "यंदा नको, फादर."

नाव घ्यावं तर जिवंत माणसाला आपल्या तोंडाने मारल्यासारखं. न घ्यावं तर मेलेल्याला प्रार्थनेवाचून बर्फात ठेवल्यासारखं. दोन्हीपैकी कोणतं पाप आपण करतोय, हे तिला नऊ वर्षं कळलं नव्हतं. सासूबाई मात्र ठाम होत्या. "माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या मुलासाठी घंटा वाजायची नाही," त्या म्हणत. लेओनीला त्यांचा राग यायचा आणि आधारही वाटायचा. निर्णय त्यांच्यावर ढकलता यायचा.

आता त्या नव्हत्या. आणि त्यांनी खरंच चीज सरकवलं असेल, तर काय म्हणून? मुलगा गेलाय हे त्यांना पटलं होतं आणि तोंडाने म्हणवत नव्हतं, म्हणून आपल्याबरोबर त्यालाही पोचवून टाकलं? की उलट, तो परत येईल तेव्हा त्याच्यासाठी जास्त ताजं, जास्त मोठं चीज उरावं म्हणून आपलं त्याच्या जागी ठेवलं? की नुसतंच पुसलं आणि नजर अधू असल्याने परत ठेवताना जागा चुकली? की त्यांनी काहीच केलं नाही आणि सिप्रियन पहाटेच्या घोटांत चुकला? लेओनी प्रत्येक शक्यता घेऊन बसे, तिच्या बाजूने जे असेल ते मांडे, विरुद्ध असेल ते मांडे. चारही शक्यता तितक्याच उभ्या राहत. खिडकीतून दिसणारा ओळखीचा डोंगरसुद्धा त्या दिवसांत तिला उलटा ठेवल्यासारखा वाटे.

*

गावात गोष्ट लपत नाही. फिलोमेनच्या पोटात तर नाहीच. रेघ दिसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर हाच विषय होता.

"म्हणजे युलालीकाकूंचं चीज अजून शिल्लक आहे," पाव भाजणारी म्हातारी सेराफीन म्हणाली. "तरीच! तरीच परवा माझ्या जिन्यात पावलं वाजली. बाई अजून निघालेलीच नाही."

"तुझ्या जिन्यात तुझं मांजर असतं."

"मांजराला खोकला येतो का?"

"आणि मी घंटा कुणासाठी वाजवली?" घंटा वाजवणारा आन्सेल्म विचारत होता. तो अगदी मनापासून गोंधळला होता. "बाईमाणसाची घंटा वेगळी, बाप्याची वेगळी. मी बाईची वाजवली. जेवलो बाप्याचं. आता हिशेब कसा लावायचा?"

"तू किती खाल्लंस त्यावर."

"हसू नका रे. उद्या बाझिल खिंडीतून उतरला आणि म्हणाला, माझं चीज कुठंय, तर काय सांगणार? तुझ्याच मयताला जेवलो म्हणून?"

यावर सगळे हसले आणि लेओनी पायऱ्या उतरून येताना दिसल्यावर एकदम गप्प झाले. तिला ते हसणं ऐकू आलं होतं. राग यायला हवा होता. पण आन्सेल्मचा प्रश्न तिला बरोबरच वाटला.

म्हाताऱ्यांनी शेवटी ठरवलं ते असं. युलालीचं चीज राहिलंय, ते खाल्लं गेलं पाहिजे. एका माणसाला दोन हिवाळे ताटकळत ठेवणं बरं नाही. सणाच्या आदल्या दुपारी तळघरासमोर जमायचं, चीज कापायचं, पाव सेराफीनने आणायचा. सिप्रियन हा निरोप घेऊन वहिनीकडे आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"आईंचं म्हणून कापलं," लेओनी म्हणाली, "तर फेब्रुवारीतलं कुणाचं होतं?"

"तेच ना."

"म्हणजे मग बाझिलचं मयत झालं म्हणायचं."

"मी काही म्हणत नाही, वहिनी. माझा सख्खा भाऊ आहे तो. आहे म्हणू की होता म्हणू, हेच मला कळेना." त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "नाहीतर असं करू. हेच चीज बाझिलचं समजायचं. आईने पोराला दिलं समजायचं. फळीवर राहू दे."

"आणि आई?"

"आई..." सिप्रियन खिडकीबाहेर बघत राहिला. "सेराफीनच्या जिन्यात खोकत राहील."

दोघांनाही हसू आलं आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

संध्याकाळ होण्याआधी फादर मेत्राये आले. याच खोऱ्यातले, गवंड्याचा मुलगा, दरवाजातून वाकून येण्याइतके उंच. त्यांनी सुरुवात जोरात केली. "हे बघ लेओनी, चर्चच्या दृष्टीने चीज हे चीज आहे. त्याने कुणी स्वर्गात जात नाही आणि कुणी अडत नाही. युलालीबाईंचे सगळे संस्कार मी केलेत. त्या गेल्या, त्यांचं व्यवस्थित झालं. यात गोंधळ नाही."

"बरं, फादर."

फादर बाकावर बसले. "माझं स्वतःचं चीज बहिणीच्या तळघरात आहे," ते म्हणाले. "उद्या जाऊन बघून येतो म्हणतो, जागेवर आहे का."

लेओनीने त्यांना सूप वाढलं. ते खाताना त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. या वेळी त्यांचा आवाज नेहमीसारखा सरळ नव्हता. "बाझिलचं नाव घेऊ का यंदा?"

तिच्या तोंडाशी 'यंदा नको' आलं. ते इतकं वापरलेलं होतं की आपोआप आलं. पण ते बाहेर पडलं नाही. तिने विचारलं, "फादर, तुम्हाला काय वाटतं? सासूबाईंनी सरकवलं असेल?"

"दर महिन्याला त्या माझ्याकडे पापं सांगायला येत," फादर म्हणाले. "पापकबुलीत ऐकलेलं मला कुणाशी बोलता येत नाही."

"म्हणजे त्या काही म्हणाल्या होत्या?"

"म्हणाल्या असत्या तरी बोलता आलं नसतं आणि म्हणाल्या नसत्या तरी." त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुला वाटतंय मी काहीतरी लपवतोय. मी काहीही लपवत नसेन, हेही मला सांगता येत नाही. पोरी, यातून मला कुणी बाहेर काढणार नाही आणि तुलाही मला काढता येत नाही. उद्या दुपारी तळघरापाशी येतो. बाझिलच्या नावाचं काय ते तिथे सांग."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. खिंडीवर नवा बर्फ उतरला होता. तळघराच्या दारासमोर सिप्रियनने दोन फळ्यांचं टेबल मांडलं, त्यावर ते चाक ठेवलं. उघड्यावर ते आणखीच काळं आणि लहान दिसत होतं. लोक येत होते. पुरुष टोप्या काढून उभे, बायका शालीत हात गुंडाळून. मयत नव्हतं, पेटी नव्हती, त्यामुळे चेहरे कसे ठेवावेत हे कुणाला कळत नव्हतं. कुणीतरी सांत्वन करायला सिप्रियनचा हात हातात घेतला आणि मधेच सोडून दिला. सेराफीनने वसंतात भाजलेला दगडासारखा काळा पाव आणला होता. तो फोडायला कुऱ्हाड आणायची ती विसरली होती, त्यावरून तिची आणि आन्सेल्मची बाचाबाची चालली होती.

"घंटा वाजवू का?" आन्सेल्मने विचारलं. "आणि वाजवू तर कुठली?"

"थांब जरा," फादर म्हणाले.

सिप्रियनने करवत उचलली. चाकाच्या माथ्यावर त्रिकोणातल्या दोन रेघा होत्या, त्यांच्या मधोमध पातं टेकवलं आणि तो थांबला. "वहिनी," तो म्हणाला, "कुणाच्या नावाने कापू?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. लेओनीने चेहऱ्यावरून चेहऱ्यावर नजर फिरवली. यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. सिप्रियनला माहीत नव्हतं, फादरना माहीत असो वा नसो, ते बोलणार नव्हते. सासूबाईंचे हात भुकटीने माखले होते, एवढंच खरं. घंटा विकणाऱ्याने एक चाल पाहिली होती, एवढंच खरं. नऊ वर्षं ती आणखी एका खऱ्या गोष्टीची वाट बघत होती, आणि यंदा ती आली, तर तिचेही चार अर्थ निघाले. यापुढे येईल तिचेही निघतील.

तिला फेब्रुवारीतलं जेवण आठवलं. खोलीभर माणसं होती. चीज इतकं कडक होतं की सिप्रियन म्हणाला होता, आई जिवंतपणी चावायची, आता मेल्यावरही दात पाडतेय. सगळे हसले होते. तिने दुसरा तुकडा मागून घेतला होता, जिभेवर धरून मऊ होऊ दिला होता. चव तिखट होती, शेवटी किंचित गोडसर. चांगलं झालंय, असं तिला वाटलं होतं. इतकंच. आत काहीही तुटलं नव्हतं. त्यानंतरही तुटलं नव्हतं. ज्याचं ते चीज होतं, त्याच्यासाठी आपल्याला जे काही रडायचं होतं ते कधी रडून झालं, हे तिला शोधूनही सापडेना.

"वहिनी?" सिप्रियनने करवत अजून तशीच टेकवून धरली होती. "हात भरून आला माझा."

"आईंच्या नावाने कापा, भाऊजी," लेओनी म्हणाली.

गर्दीतून एक श्वास सुटल्यासारखा आवाज आला. करवत हलली नाही. सिप्रियन तिच्याकडे बघत राहिला होता, कारण तिचं वाक्य पुरं झालेलं नव्हतं, हे त्याला कळलं होतं. तिने फादरकडे मान वळवली. आवाज घोगरा निघेल असं वाटलं होतं, पण तो साधाच निघाला, एखादीला निरोप सांगावा तसा.

"आणि फादर, उद्या बाझिलचं नाव वाचा."